चिमणाबाईची कवळी

जुन्या हार्वेस्टरला नवं तोंड बसवता येतं, हे वाक्य मी सासुरवाडीच्या ओसरीवर, जेवणानंतर बडीशेप चघळताना उच्चारलं. त्यामागे माझा काहीही हेतू नव्हता. पोटभर जेवलेला माणूस काहीतरी बोलतो, तसा मी बोललो. पण त्या एका वाक्यापायी माझा दसऱ्याचा नवाकोरा शर्ट गेला, आमच्या सोसायटीतले आण्णा माझ्याशी बोलेनासे झाले, आणि कागल तालुक्यात माझी जी शोभा झाली तिची आठवण काढून लोक अजून चहा पितात.

आधी सासुरवाडीतलं माझं स्थान सांगायला हवं. मी कोल्हापुरात कॉलेजात भूगोल शिकवतो. सासरे, म्हणजे अप्पा, कागलजवळच्या एका गावात शेती करतात. मी तिथे गेलो की मला खुर्ची मिळते. हातांची खुर्ची, तिच्यावर गादी, गादीवर धुतलेला टॉवेल. बाकी सगळे खाली घोंगड्यावर बसून मनमोकळ्या गप्पा मारत असतात. मी खुर्चीत बसलो की गप्पा थांबतात आणि अप्पा अदबीनं विचारतात, "काय म्हंता पावणं, पाऊसपाणी कसं काय कोल्हापुरात?" आता कोल्हापूर तिथून मोटारसायकलवर अर्ध्या तासाच्या आत. जो पाऊस त्यांच्यावर पडतो तोच माझ्यावर पडतो. तरी मी पावसाची माहिती देतो, ते मान डोलावतात, आणि विषय संपतो.

उठून कशाला हात लावायची सोय नाही. एकदा मी गवताची पेंढी उचलायला गेलो, तर चार माणसं धावत आली. "अवो पावणं, तुम्ही कशाला! कापडं खराब हुतील की!" लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली, तरी मी त्या घरात पाहुणाच. मान भरपूर, किंमत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात काय पिकतं हे मी झोपेत सांगेन, पण सासऱ्याचं रान बांधाच्या अलीकडचं की पलीकडचं, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

त्या दिवशी ओसरीवर वाद चालला होता तो चिमणाबाईवरून. चिमणाबाई म्हणजे अप्पांचं जुनं हार्वेस्टर. हे नाव अप्पांच्या आईचं. म्हातारीनं जन्मभर विळा घेऊन वाकून कापणी केली. अप्पांनी पंजाबी माणसाकडून हे वापरलेलं मशीन घेतलं, तेव्हा तिला उचलून वर बसवलं. पहिली पट्टी कापून झाल्यावर ती म्हणाली, "सुटली रं बाबा माझी कंबर." त्यानंतर लवकरच म्हातारी गेली आणि मशीनच्या पोटावर मोठ्या अक्षरांत रंगवलं गेलं, 'मातोश्री चिमणाबाई'. तेव्हापासून गावात 'चिमणाबाई उठली', 'चिमणाबाईचा पट्टा तुटला' असंच बोललं जातं. नव्या माणसाला जरा धक्का बसतो.

चिमणाबाई भातात आणि गव्हात उत्तम चाले. पण आता शिवारात झालं सोयाबीन. त्याच्या शेंगा अगदी जमिनीलगत लागतात आणि चिमणाबाईचं पुढचं तोंड ताठ. ते वरच्या वर कापायचं आणि खालच्या शेंगा रानातच राहायच्या. त्यामुळे तिला कोणी बोलवेना. माझा मेव्हणा राजवीर रोखठोक माणूस. तो म्हणाला, "अप्पा, म्हातारीला आता इकायची. गारगोटीच्या भंगारवाल्याला सांगून ठेवलंय मी. दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रक घिऊन येतोय त्यो."

अप्पा नुसते अंगणातल्या चिमणाबाईकडे बघत राहिले. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या तोंडून ते वाक्य गेलं.

अप्पांची मान सावकाश माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी अशी मान वळवली नव्हती. "खरं म्हंतासा, पावणं?"

मी फोनवर व्हिडिओ दाखवला. त्यात एक नव्या पद्धतीचं तोंड जमिनीच्या चढउतारांबरोबर वाकत, अगदी बुडातून सोयाबीन कापत चाललं होतं. अप्पांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की माझ्या फोनची बॅटरी संपली. माझी बायको स्नेहल एवढंच म्हणाली, "म्हणजे आजीला कवळी बसवायची. मापाची घ्या हं, नाहीतर बोलताना बाहेर पडते." बायकांचं बोलणं आपण वेळेवर मनावर घेत नाही.

शिरोलीच्या हमरस्त्यावर एका डीलरची शोरूम आहे. तिथले मॅनेजर विजयसिंह भेटले. अंगावर कडक इस्त्री, टेबलावर काजू, आणि दर वाक्याला 'नाद खुळा'. त्यांनी विचारलं, "मशीन कुठल्या सालचं, सर?" मी म्हणालो, "जुनं आहे." "जुनं म्हंजे?" "चांगलं जुनं." एवढ्या तांत्रिक चर्चेनंतर ते म्हणाले, "बसतंय की! न बसायला काय झालं? आमचं तोंड कुठल्याबी मशीनला बसतंय, नाद खुळा!" अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी जाणकारासारखी मान हलवली. व्यवहार झाला.

तोंड आलं ते ट्रॉलीवरून, हार घालून. गाव गोळा झालं. चिमणाबाईला तिच्या जुन्या तोंडातून मोकळं करून नव्यासमोर उभं केलं आणि कळलं की चिमणाबाईचा घसा अरुंद आहे. नव्या तोंडाच्या खुंट्या दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर राहत होत्या. विजयसिंहांना फोन लावला. ते म्हणाले, "असं कसं हुईल? मशीनवर नंबरची पट्टी आसंल बघा, तिचा फोटो पाठवा. कंपनी मधला जोड पाठवंल."

पट्टी कुठे होती? होती, रंगाखाली होती. अप्पा दर खंडेनवमीला चिमणाबाईला नवा रंग देतात. राजवीरनं रॉकेल आणि पत्रा घेऊन खरडायला सुरुवात केली. भगव्याखाली पोपटी निघाला, पोपटीखाली निळा, निळ्याखाली सासूबाईंच्या स्वयंपाकघराचा उरलेला गुलाबी. सासूबाई, म्हणजे बनाबाई, तो गुलाबी बघून जुन्या आठवणींत रमल्या. शेवटी पट्टी निघाली तेव्हा राजवीरच्या हाताला इतका जोर आला होता की रंगाबरोबर आकडेही निघून गेले.

मग मी कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन केला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एका मुलीनं माझी तक्रार नोंदवली आणि मशीनचा नंबर मागितला. मी म्हणालो, नंबर नाही, नाव आहे. चिमणाबाई. तिनं स्पेलिंग विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला संदेश आला, 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. कृपया तारे द्या.' मी संतापून एक तारा दिला. त्यावर मात्र तासाभरात फोन आला. एक गृहस्थ अत्यंत काळजीनं विचारत होते, सर, एकच तारा का? मी त्यांना सगळी कथा ऐकवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि ताऱ्याबद्दलची वेगळी तक्रार नोंदवली.

अशा वेळी माणसाला शेजारी आठवतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे आण्णा पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेत. तेव्हापासून त्यांना पाणी सोडून सगळ्यात रस आहे. ते म्हणाले, "कंपनीच्या नादाला कशाला लागतोस? उद्यमनगर काय झोपा काढायला आहे?" हे मात्र खरं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात विमान सोडून सगळं करून मिळतं, आणि सुटे भाग आणून दिले तर विमानही जोडून देतील. आण्णांनी स्वतः माप घेतलं, उभं राहून लोखंडी चौकट करून घेतली, आणि गावात येऊन ती बसवून दिली. चौकट एका दमात बसली. आण्णांची छाती फुगली. पुढे गोल फिरून पीक आत ओढणारा जो पंखा असतो, त्याचे तेलाचे दोन पाइपही त्यांनीच जोडले. कुठला कुठे, असं मी विचारलं, तर म्हणाले, "डाव्याला डावा, उजव्याला उजवा. यात काय विचारायचं?"

चाचणीला गाव लोटलं. नारळ फुटला, 'चांगभलं' झालं. अप्पा नवा फेटा बांधून वर बसले आणि चिमणाबाई घराशेजारच्या सोयाबीनमध्ये शिरली. तोंड खाली वाकलं, अगदी जमिनीला टेकलं. मी दोन्ही हात मागे बांधून उभा होतो. पंखा फिरायला लागला.

उलटा.

चिमणाबाई पीक आत घ्यायच्या ऐवजी पुढे फेकायला लागली. पिकलेल्या शेंगा तडतडून फुटल्या आणि समोर उभ्या असलेल्या प्रतिष्ठित मंडळींवर सोयाबीनचा मारा झाला. सरपंचांच्या टोपीत दाणे गेले. आण्णांच्या चष्म्याची एक काच गेली. एक म्हातारा ओरडला, "अप्पा, पंखा उलटा फिरतोय तर मशीनबी उलटंच चालवा की!" आणि अप्पा इतके गडबडले होते की त्यांनी खरोखर तेही करून पाहिलं. चिमणाबाई मागे मागे जात थेट गोठ्याला टेकली. म्हशी सुटल्या. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं दिशा चुकली, कुणी म्हणालं तोंड परतीच्या बोलीवर घेतलंय का. राजवीरनं बाजूला जाऊन भंगारवाल्याला फोन केला.

अप्पा खाली उतरले, फेटा काढला आणि मला म्हणाले, "ऱ्हावू द्या, पावणं. तुम्ही लई केलंसा." आणि हाक मारून माझ्यासाठी खुर्ची मागवली.

मला त्या खुर्चीचा इतका राग कधीच आला नव्हता. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण पाहुण्याला कोण शिव्या देणार? घरी परतताना गाडीत आण्णा म्हणाले, "तुमचं मशीनच सदोष आहे." मी म्हणालो, "डाव्याला डावा." त्यावर आमचं बोलणं बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून शोरूममध्ये जाऊन बसलो. इंजिनिअर पाठवल्याशिवाय उठणार नाही, असं हजेरी घेण्याच्या आवाजात सांगितलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी चिमणाबाईची कथा पहिल्यापासून सांगू लागलो. दुपारच्या चहापर्यंत विजयसिंहांचा 'नाद खुळा' बंद झाला होता. शेवटी ते म्हणाले, "सर, एवढ्या भागाला एकच इंजिनिअर हाय. नवमीला पाठवतो. दसऱ्याला मग तुम्हीच मला सोनं द्यायला येशीला बघा." मी आनंदानं उडालोच. दसऱ्याला ट्रक, नवमीला इंजिनिअर, म्हणजे वाचलो. नवमी म्हणजे खंडेनवमी, हे भूगोलाच्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

खंडेनवमीला मी गावात पोचलो तेव्हा अंगणात चिमणाबाईला भगवा रंग देऊन झाला होता, मात्र कपाळाला तोरण बांधताना अप्पांचा चेहरा पडलेला होता. हा तिचा शेवटचा सण, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिच्यासमोर पाटावर घरातली सगळी हत्यारं मांडून पुजली होती. विळे, कुऱ्हाडी, खुरपी, सगळे पाने आणि पकडी, राजवीरचा लॅपटॉप. स्नेहलनं माझा पेपर तपासायचा लाल पेनही ठेवला होता.

इंजिनिअर आली स्कूटरवरून, उन्हात तापून. प्रियदर्शनी तिचं नाव, शाहूवाडीकडच्या मलकापूरची पोरगी. बनाबाई पुढे झाल्या. "आलीस बाई, लांबनं आलीस. हातपाय धू आधी." आणि तिच्या खांद्यावरची जड बॅग काढून घेतली. पोरगी तोंड धुऊन आली, चिमणाबाईभोवती एक फेरी मारली, वाकून बघितलं आणि हसली. "अप्पा, काहीच झालेलं नाही. पंख्याचे हे दोन पाइप उलटसुलट लागलेत. या नव्या तोंडाला डाव्याला उजवा लागतो. पाच मिनिटांचं काम. माझी बॅग द्या."

सगळ्यांनी पाटाकडे पाहिलं. बॅग तिथे होती. तिला हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल ठेवून, पुढे निरांजन लावून झालं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खंडेनवमीला पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय उचलत नाहीत. मी शेजारी गेलो. त्यांचेही पाने पूजेत. ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याला फोन केला, त्याचं तर सगळं गॅरेजच पूजेत. विजयसिंहांनी सांगितलं, "शोरूमला हार घातलाय सर, आज कुलूपबी उघडता येत न्हाय." त्या दिवशी अख्ख्या कागल तालुक्यात एक मोकळा पाना नव्हता.

मी प्रियदर्शनीला म्हणालो, "बॅग कंपनीची आहे. तुम्हाला नियम कसा लागेल?" ती उचलायला निघालीही होती. बनाबाई म्हणाल्या, "एक दीस इसावा दे की गं पोरी त्यास्नी. वरीसभर राबत्यात." पोरगी थांबली. मग हात झटकून म्हणाली, "आमच्या आईनंबी हेच केलं असतं." आणि ती सरळ जेवायला बसली. खंडेनवमीला हत्यारांना मटणाचा नैवेद्य असतो, त्यामुळे पाहुण्यांचीही सोय होते.

जेवताना मी तिच्या शेजारी पाट घेतला आणि पांढऱ्या रश्शाच्या वाट्या पुढे सरकवत एकेक गोष्ट विचारून घेतली. ती म्हणाली, "इंजिन बंद करायचं. तोंड जमिनीवर टेकवायचं. मग पंखा चालवायची दांडी पुढंमागं हलवून तेलाचा जोर सोडायचा. मगच पाइप सोडायचे. दांडी विसरू नका, सर." मी म्हणालो, विसरतो कसला. संध्याकाळी ती बॅग तशीच ठेवून सणाला घरी मलकापूरला गेली.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरली. राजवीर दूध घालायला डेअरीवर गेला होता आणि तिकडून भंगारवाल्याला घेऊनच येणार होता. अप्पांनी बॅगेतला पाना उचलून कपाळाला लावला आणि चिमणाबाईखाली शिरायला वाकले. गुडघे काही वाकेनात. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग हातातल्या पान्याकडे नुसते बघत उभे राहिले. त्या म्हाताऱ्याचा चेहरा मला बघवेना.

मी पाना घेतला. "अवो पावणं, कापडं..." हे ऐकू येईपर्यंत मी नव्या पांढऱ्या शर्टासकट चिमणाबाईखाली उताणा झालो होतो. इंजिन बंद होतं. तोंड टेकलेलं होतं. मी पाना लावला, सगळा जोर काढून फिरवला, आणि मग मला दांडी आठवली.

तेलाची चिळकांडी थेट माझ्या तोंडावर आली. मी डोळे मिटले. पाना हातातून उडाला. तेवढ्यात अप्पांचा आवाज आला. असा आवाज त्या घरात मी फक्त गड्यांसाठी आणि राजवीरसाठी निघालेला ऐकला होता.

"आरं दत्त्या! मुडद्या! डोळं काय मिटतोस! त्यो पाइप धर की! सगळं तेल गेलं माझं! धर!"

स्नेहलनं तोंडावर हात ठेवला. बनाबाई कळवळून म्हणाल्या, "अवो, काय बोलतासा! जावई हायेत त्ये!"

"जावई तुझा आसंल! हितं माझं मशीन गळाय लागलंय! दत्त्या, डावा पाइप उजव्याला लाव! आवळ! आजून आवळ! जेवला न्हाईस व्हय काल?"

मी आवळत होतो. नाकात तेल, कानात तेल, पाठीखाली शेण. आणि खरं सांगतो, इतका आनंद मला पीएचडी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

राजवीर आणि भंगारवाला ट्रक घेऊन पोचले तेव्हा चिमणाबाई रानात होती. पंखा सरळ फिरत होता. तोंड जमिनीला चिकटून वळणं घेत होतं, बुडातून कापत होतं, आणि वरच्या टाकीत दाणे धो धो पडत होते. मागे रानात शेंग म्हणून राहिली नव्हती. अप्पा वर बसून लहान पोरासारखे भोंगा वाजवत होते. राजवीर वाकून वाकून बुडखे तपासत होता. भंगारवाला बांधावर उभा राहून बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं अप्पांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाला, "आमचंबी थोडं सोयाबीन उभं हाय, गारगोटीच्या अंगाला. म्हातारीला कवा पाठवतासा?"

बातमी कोल्हापुरात पोचलीच, आण्णांचा फोन आला. म्हणाले, डाव्याला उजवा लागेल असं त्यांना आतून वाटतच होतं. दसरा होता, मी सोनं घ्या म्हणालो.

दुपारी जेवायला मी ओसरीवर आलो. शर्ट गेलाच होता, अंगावर अप्पांची जुनी बंडी होती. खुर्ची कुठे दिसेना. मग दिसली. कोपऱ्यात होती, गादी आणि टॉवेलसकट. तिच्यावर प्रियदर्शनीची बॅग ठेवलेली होती आणि बॅगेवर सोन्याचं पान. परत जाईपर्यंत तीच घरातली पाहुणी.

मी खाली घोंगड्यावर बसलो. गप्पा थांबल्या नाहीत. राजवीर चिमणाबाईला पुढच्या आठवड्यात कुठे कुठे न्यायचं ते जोरजोरात सांगत होता. तेवढ्यात अप्पा आले, जागा शोधत उभे राहिले आणि माझ्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाले,

"दत्त्या, सरक की जरा."

मी सरकलो.